म्हातारपाखाडीचा शेजार

ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, कोणते धर्मगुरु केव्हां आले, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं बांधविली, ह्याच गोष्टी बहुधा सांगितल्या जातात. आणि त्या सांगितल्याही पाहिजेत. परंतु देऊळ हें नुसत्या दगडांचें नसतें. ज्या घरांतून माणसें मिस्सेला निघतात, ज्या ओट्यांवर संध्याकाळीं बसतात, ज्या क्रूसापुढें लदीन म्हणतात, तीं घरें, ते ओटे आणि तो क्रूस मिळून धर्मग्राम होतो. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही देवळाच्या दारांतून बाहेर पडून माझगांवच्या एका जुन्या वस्तीचा, म्हातारपाखाडीचा, इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों. हा इतिहास राजांचा नव्हे आणि मोठ्या इमारतींचाही नव्हे. आमचा प्रश्न साधा आहे : संकटामागून संकट येत असतां जुन्या वस्तींतलीं माणसें कोणाच्या आधारावर निर्धास्त झोंपत होतीं, आणि तो आधार आज कितपत उरला आहे?

किल्ला आणि पाखाडी

मुंबईच्या सात बेटांपैकीं माझगांव हें एक. पोर्तुगीज अमदानींत, १५७२ सालीं, तें द सूझा घराण्यास वंशपरंपरा देण्यांत आलें. आणि ह्याच घराण्याच्या आश्रयानें १६३२ सालीं तेथें ग्लोरिया मातेचें देऊळ उभें राहिलें. पुढें बेटें इंग्रजांकडे गेलीं. त्या काळीं आजच्यासारखे पोलीस नव्हते. १६६९ च्या सुमारास गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर ह्यानें भंडारी लोकांची एक पलटण उभारली, आणि माहीम, शिवडी व सायन येथें तिचीं ठाणीं बसविलीं. रात्रीच्या वेळीं बेटाची राखण ह्या स्थानिक माणसांच्याच हातीं होती.

राखणीचा दुसरा उपाय म्हणजे किल्ला. माझगांवच्या टेंकडीवर १६८० च्या सुमारास इंग्रजांनीं एक किल्ला बांधला. परंतु १६८९ सालीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, त्यानें माझगांव लुटलें, किल्ला घेतला, आणि १६९० सालीं परत जातांना तो उद्ध्वस्त करून टाकिला. म्हणजे ज्या तटावर सर्वांची भिस्त होती तो तट पुरतीं दहा वर्षेंही कामास आला नाहीं. आज त्याच टेंकडीवर भंडारवाड्याचा जलाशय आहे आणि त्यावर बाग फुलली आहे. त्या बागेस ज्यांचें नांव दिलें आहे ते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा ह्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं टेंकडीखालच्या म्हातारपाखाडींतच झाला. लोकमान्य टिळकांचे स्नेही, १९१६ सालीं स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ सालीं मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष, आणि साऱ्या महाराष्ट्राचे 'काका' असे हे बॅप्टिस्टा. किल्ला गेला, पाखाडी राहिली, आणि पाखाडींतल्या एका मुलाच्या नांवानें आज लोक किल्ल्याची जागा ओळखतात. ह्या एका गोष्टींत आमच्या लेखाचें सार आलें आहे असें म्हटल्यास चालेल.

वस्तीची ठेवण

पाखाडी हा शब्द कोंकणांतला. मुळांत दगड बसवून केलेली पायवाट असा त्याचा अर्थ. पुढें अशा वाटेच्या दोहों बाजूंस वसलेल्या वाडीसही लोक पाखाडीच म्हणूं लागले. म्हातारपाखाडींत, गिरगांवच्या खोताच्या वाडींत आणि वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांत एकाच तऱ्हेचीं घरें पाहावयास मिळतात : सागवानी खांब व तुळया, वर कौलें, पुढें ओटा, बाहेरून चढणारा लांकडी जिना, आणि रस्त्याच्या अंगास उघडणाऱ्या खिडक्या. पाहणारा ह्या घरांचें सौंदर्य वाखाणतो, आणि तें योग्यच आहे. परंतु ह्या ठेवणींत एक व्यवहाराचा गुण आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या घराचा जिना बाहेरून आहे त्या घरीं कोण आलें आणि कोण गेलें हें समोरच्या ओट्यास आपोआप कळतें. ज्या गल्लींत दोन माणसें खांद्यास खांदा लावून जेमतेम चालतात, त्या गल्लींत परका मनुष्य विचारपूस झाल्यावांचून पलीकडे जात नाहीं.

ह्या घरांतून राहणारे बहुतेक लोक उत्तर कोंकणचेच मूळ रहिवासी. त्यांची भाषा मराठीचीच बोली. गोव्याहून आलेल्या धर्मबंधूंपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून ह्या समाजानें 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें, आणि १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, त्यांची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. नांवें वेगळीं झालीं तरी शेजार तुटला नाहीं. माझगांवांत गोंयकार खलाशांचे क्लब होते, ज्यांस ते 'कूड' म्हणतात. एकेका गांवचा एकेक क्लब. बोटीवरून उतरलेल्या खलाशास तेथें निजावयास जागा मिळे, बोटीवर जातांना त्याची पेटी तेथें सांभाळली जाई, आणि रात्रीं वेदीपुढें सर्वांनीं मिळून रोझरी म्हणावयाची असा नेम असे. महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या मनुष्यास ह्या अफाट शहरांत 'तूं कधीं आलास?' असें विचारणारें कोणी असावें, ही त्या क्लबाची खरी मिळकत होती.

पाखाडीची मिळकतही तीच. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं ग्यासचे दिवे आले. गल्लीबोळांत उजेड येण्यास त्यानंतरही पुष्कळ काळ जावा लागला. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही, क्रूसापुढचा दिवा हाच कित्येक वाड्यांचा दिवा होता. तिन्हीसांजेला कोणीतरी तेल घालून तो लावावयाचा, बायकामुलांनीं गोळा व्हावयाचें, आणि जपमाळ म्हणावयाची. मे महिन्यांत क्रूसाचा सण. तेव्हां पताका, फुलें, लदीन, आणि लदीन संपतांच उकडलेल्या चण्यांची वांटणी. हे चणे खाल्ले नाहींत असा आमच्यापैकीं कोण असेल? पण एक गोष्ट लक्षांत घ्यावी. रोज संध्याकाळीं जेथें माणसें जमतात तेथें न आलेलें माणूसही रोज दिसतें. 'आज अमकी आजी आली नाहीं' हें वाक्य उच्चारलें कीं कोणीतरी तिच्या दाराशीं जाणारच. प्रार्थना देवाकडे जाई. आणि त्याच वेळीं, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, साऱ्या पाखाडीची हजेरीही होऊन जाई. खबर घेणें आणि खबर देणें, ह्यालाच आमचे वाडवडील शेजार म्हणत.

महामारीचें साल

ह्या शेजाराची पहिली कठीण परीक्षा १८९६ सालीं झाली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत, जेथें धान्याचीं मोठमोठीं वखारें होतीं तेथें, डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांना एका रोग्याच्या अंगावर गांठी दिसल्या, आणि हा गांठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असें त्यांनीं उघड सांगितलें. डॉ. व्हिएगस हे गोव्याचे, कॅथलिक, आणि म्युनिसिपालिटीचे एक सभासद. अशी बातमी कोणास नको असते. व्यापार बसतो, लोक पळतात, आणि सांगणाऱ्याचीच निंदा होते. तरी त्यांनीं ती सांगितली. पुढें १९०६ सालीं ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभारलेला आहे.

ह्या रोगानें शहराची काय दशा केली हें खानेसुमारीचे दोन आंकडे सांगतात. १८९१ सालीं मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. दरवर्षीं वाढत जाणारें शहर दहा वर्षांत घटलें. कांहीं मेले, कांहीं पळाले. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्यास इस्पितळांत, त्याच्या घरच्यांस छावणींत, असा हुकूम सुटला. हेतु वाईट नव्हता. परंतु लोकांस विश्वासांत घेतल्यावांचून बंदुकवाल्या शिपायांसह ही व्यवस्था आली, आणि मग लोकांनीं एकच केलें : रोगी लपविले. शेजाऱ्याच्या घरीं ताप आहे हें ठाऊक असून तोंडास कुलूप घालणें हें त्या दिवसांत दयेचें कृत्य वाटे. त्या मौनानें किती घरें बसलीं असतील त्याचा हिशेब परमेश्वरच जाणे. मार्च १८९८ मध्यें तर मदनपुऱ्यांत, म्हणजे माझगांवपासून हांकेच्या अंतरावर, एका मुलीच्या तपासणीवरून मोठा दंगा उसळला.

त्याच काळीं वस्त्यावस्त्यांतून क्रूस उभे राहिले. आज मुंबईंत, गिरगांव-माझगांवपासून वांद्र्यापर्यंत, चौथऱ्यांवर १८९६ नंतरचीं सालें कोरलेले क्रूस पुष्कळ आढळतात. सर्वच क्रूस प्लेगचे नव्हेत. कांहीं त्याहून जुने आहेत, कांहीं पाडलेल्या देवळांच्या आठवणीसाठीं आहेत, कांहीं एखाद्या घराण्याच्या नवसाचे आहेत. परंतु ज्यांवर तीं सालें आहेत त्यांपुढें उभे राहिलें असतां त्या माणसांचें भय आजही अंगास स्पर्श करतें. संत सेबास्टियन आणि संत रॉक ह्या महामारींतल्या कैवाऱ्यांचा धांवा करीत, अर्धी पाखाडी ओसाड पडली असतांही उरलेलीं माणसें रोज संध्याकाळीं एकत्र येत होतीं.

येथें आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. क्रूसापुढें जमणाऱ्यांस प्लेग कशानें होतो हें ठाऊक नव्हतें, आणि झडती घेणाऱ्या सरकारासही तें ठाऊक नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते, हें १८९८ सालीं सिमोंद नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत दाखवून दिलें. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाहीं. आणि १९०५ पासून पुढें मुंबईंतच झालेल्या संशोधनानें तें निर्विवाद ठरलें. तत्पूर्वी १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं मुंबईंतच तयार केलेली प्रतिबंधक लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली होती. म्हणजे एकीकडे माया होती पण माहिती नव्हती. दुसरीकडे सत्ता होती पण माया नव्हती. त्या वर्षीं पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं स्वतः त्या रोगास बळी पडल्या. ज्यांनीं रोग्यास लपविलें नाहीं आणि टाकूनही दिलें नाहीं, अशीं माणसें थोडींच; परंतु शेजारधर्म काय असतो तें त्यांनीं दाखविलें.

विहिरीवरचीं झांकणें

प्लेगचें भय ओसरतें न ओसरतें तोंच दुसरा प्रश्न पाखाडीच्या अगदीं अंगणांत आला. मुंबईस १८६० सालापासून विहार तलावाचें पाणी नळानें येऊं लागलें होतें. तरी घराघरांच्या परड्यांतील विहिरी चालू होत्या. डॉ. बेंटली ह्यांनीं १९११ सालीं शहरांतील हिंवतापाविषयीं आपला अहवाल दिला, त्यांत हा ताप पसरविणारे ॲनाफिलीस डांस ह्याच विहिरींत वाढतात असें दाखविलें. म्युनिसिपालिटीनें विहिरी बुजविण्याचे किंवा पक्क्या झांकणाचे हुकूम काढले.

आज हें वाचतांना वाटतें, कीं ह्यांत अवघड तें काय? परंतु विहीर म्हणजे पाण्याचा नुसता खड्डा नव्हता. आमच्या लग्नांत 'उंबराचें पाणी' आणावयाचें तें विहिरीवरूनच. नवरदेवाच्या किंवा नवरीच्या न्हाण्यासाठीं वाजतगाजत बायका निघत, तेव्हां सारी वाडी त्यांच्यामागें चाले. पारशी बंधूंस आणि हिंदु शेजाऱ्यांसही आपापल्या विहिरी पूज्य होत्या, आणि त्यांनींही ह्या हुकमांविरुद्ध तक्रारी केल्या. तरी हळूहळू विहिरी झांकल्या गेल्या. ज्या आईचें मूल दर पावसाळ्यांत थंडीनें कुडकुडत होतें तिला झांकणाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. जुनी रीत प्रिय असली तरी शेजारच्या लेंकरास तिच्यापासून धोका असेल तर तिला झांकण घालावें, हें पाखाडी ह्या प्रकरणांत शिकली. लग्नाचें पाणी आजही आणतात. रीत मेली नाहीं. फक्त डांसांची सोय राहिली नाहीं.

ह्याच सुमारास आणखी एक फेरबदल झाला. ग्लोरिया मातेचें माझगांवांतील जुनें देऊळ १९११ सालीं पाडण्यांत आलें आणि भायखळ्यास आजचें उंच मनोऱ्यांचें देऊळ १९१३ सालीं पुरें झालें. नवें देऊळ भव्य झालें, ह्यांत संशय नाहीं. परंतु पावणेतीनशें वर्षें जें दाराशीं होतें तें आतां चालून जाण्याच्या अंतरावर गेलें. ज्या म्हाताऱ्यांचे पाय थकले होते त्यांस रोजच्या प्रार्थनेसाठीं गल्लींतला क्रूसच जवळ राहिला.

चौदा एप्रिल

तिसरी परीक्षा एका दुपारची. १९४४ सालच्या ईस्टरच्या आठवड्यांतला शुक्रवार, १४ एप्रिल. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाची बोट उभी होती. तिच्यांत कापसाच्या गांठी होत्या, आणि सुमारें चौदाशें टन दारूगोळाही होता; आग आणि दारू एकाच पोटांत. असा घातक माल असलेल्या बोटीनें लाल निशाण लावावयाचें असतें. त्या बोटीवर तें फडकत नव्हतें. दुपारीं धूर दिसला. पाण्याचे बंब आले. परंतु गोदींतल्या इतर बोटींस आणि गोदीबाहेरच्या वस्त्यांस काय जळत आहे हें कोणीं सांगितलें नाहीं. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा, त्याहूनही मोठा. जळते तुकडे आकाशांतून वस्त्यांवर कोसळले. आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. शेंकडों माणसें मेलीं आणि हजारों बेघर झालीं. आग विझविण्यास धांवलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं ठार झाले. त्यांचें स्मारक भायखळ्यास दलाच्या मुख्य ठाण्यांत आहे, आणि १४ एप्रिलपासून सर्व देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात.

माझगांव गोदीला लागूनच. ज्या वाड्यांत घरांचें सारें अंग सागवानी, ज्या गल्लींत बंब शिरूं शकत नाहीं, तेथें आकाशांतून पडणारी ठिणगी म्हणजे काय भय असेल ह्याची कल्पना करावी. म्हणून आम्हांस असें वाटतें, कीं १४ एप्रिल हा दिवस जुन्या पाखाड्यांनीं तरी कधीं विसरूं नये. त्या ६६ जणांनीं आपल्या प्राणांनीं शेजारधर्म पाळला. आणि तें न लाविलेलें लाल निशाण आम्हांस नेहमींकरितां हें बजावीत आहे, कीं आपल्या घरांत असलेला धोका शेजाऱ्यापासून लपविणें हें नुसतें निष्काळजीपण नव्हे. तें पाप आहे.

पडणारी घरें

त्यानंतरचें संकट आवाज न करतां आलें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जुन्या दरांवर बांधून ठेविलीं. गरीब भाडेकरूचें रक्षण झालें, हें खरें आणि चांगलें झालें. परंतु त्या भाड्यांत कौलें फिरवावयासही पैसे पुरेनात. मालक म्हणे, भाडेकरूनें करावें. भाडेकरू म्हणे, मालकानें करावें. आणि दोघांच्या मध्यें तुळई कुजत राहिली. शहरभर जुन्या इमारती कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं सरकारास त्यांच्या दुरुस्तीसाठीं वेगळा कायदा करून मंडळ नेमावें लागलें. दरम्यान पाखाडींतलीं मुलें शिकलीं, उपनगरांत गेलीं, परदेशीं गेलीं. कांहीं घरांत म्हातारीं माणसें एकटीं उरलीं. कांहीं घरांच्या जागीं उंच इमारती आल्या. १९९५ पासून मुंबईस वारसा जपण्याची नियमावली आहे, आणि म्हातारपाखाडीची गणना वारसा-परिसरांत होते. ही गोष्ट समाधानाची आहे. तथापि नियमावली खांब राखील, नक्षी राखील. समोरच्या ओट्यावर कोण बसेल तें नियमावलीच्या हातीं नाहीं.

आम्ही जुन्या काळाचे भाट होऊं इच्छीत नाहीं. जुन्या शेजाराची नजर कधीं कधीं बोंचकही असे. कोण कोणाशीं बोललें ह्याची चर्चा रात्रभर चाले. नव्यानें राहावयास आलेल्या मनुष्यास वर्षानुवर्षें परकें मानीत. आणि चारचौघांत नांव जाऊं नये म्हणून घरांतलें दारूचें व्यसन किंवा मारहाण झांकून ठेवीत. तें मौनही प्लेगच्या दिवसांतल्या मौनाच्याच जातीचें. शेजाऱ्याची खबर ठेवावी ती त्याच्या दाराशीं मदतीस जाण्यासाठीं. ओट्यावर बसून त्याची नालस्ती करण्यासाठीं नव्हे.

परंतु जुना शेजार अजून अगदींच मेलेला नाहीं, हें आम्हीं सर्वांनीं नुकतेंच पाहिलें. मार्च २०२० मध्यें करोनाची साथ आली, तेव्हां महाराष्ट्र सरकारानें तोच १८९७ चा कायदा पुन्हां लागू केला. देवळें बंद झालीं. मिस्सा पडद्यावर पाहावी लागली. ह्या खेपेस मात्र रोग कशानें पसरतो हें लोकांस सांगण्यांत आलें होतें. आणि जेथें जेथें शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या दाराशीं धान्य ठेविलें, औषधें आणून दिलीं, आजाऱ्याच्या घरावर बोट न ठेवितां रोज हांक मारून चौकशी केली, तेथें भय निम्म्यानें हलकें झालें. जेथें आजाऱ्यास वाळींत टाकिलें, तेथें लोकांनीं पुन्हां आजार लपविला. सव्वाशें वर्षांपूर्वीचा धडा तोच, आणि चूकही तीच.

ज्युबिलीचा संकल्प

तात्पर्य काय? सिद्दीपुढें किल्ला टिकला नाहीं. प्लेगांत एकट्या सरकारचें बळ पुरलें नाहीं आणि एकट्या नवसांचेंही नाहीं. गोदींत एका निशाणाच्या अभावीं शहर जळलें. प्रत्येक वेळीं रक्षण झालें तें धोका वेळेवर कळला तेव्हां, आणि तो सांगणारा मनुष्य आपला आहे असा विश्वास होता तेव्हां. माहिती शास्त्र देतें. विश्वास शेजार देतो. एकावांचून दुसरें लंगडें.

म्हणून ज्युबिलीनिमित्त नव्या पुतळ्याची किंवा नव्या कमानीची सूचना करण्याऐवजीं आम्ही अगदीं लहान गोष्टी सुचवितों. येत्या मे महिन्यांत क्रूसाच्या सणास लदीन संपल्यावर, चणे वांटण्यापूर्वीं, प्रत्येक पाखाडीनें आणि प्रत्येक नव्या इमारतीनेंही एवढें ठरवावें : आपल्यांत एकटें कोण राहतें, आणि त्यांच्या दारावर रोज सकाळीं कोण थाप मारणार. त्यांच्या घराची एक किल्ली कोणापाशीं असावी. गल्लीच्या तोंडाशीं कोणाची स्कूटर अशी उभी आहे कीं बंबाची नळी आंत जाणार नाहीं. कोणत्या घराची विजेची तार जुनी झाली आहे, कोणती तुळई वाळवीनें पोखरली आहे. आणि हें मालकास व भाडेकरूस सर्वांदेखत, परंतु प्रेमानें, कोण सांगणार. आगीसाठीं १०१ आणि कोणत्याही संकटासाठीं ११२ हे आंकडे दाराआड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि पाखाडींत जो नव्यानें राहावयास आला आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्यास त्या संध्याकाळीं मुद्दाम बोलवावें. कारण ज्यास कोणी बोलाविलें नाहीं तो धोका दिसला तरी कोणास हांक मारणार?

कोणी म्हणतील, ह्यांत धर्म कोठें आला? प्रभु येशूस एकानें विचारिलें होतें, 'माझा शेजारी कोण?' आणि प्रभूनें त्यास वाटेंत पडलेल्या मनुष्याची गोष्ट सांगितली. त्या वाटेनें देवळांत जाणारेही गेले. त्यांनीं पाहिलें आणि ते पुढें गेले. जो थांबला त्यानें प्रथम काय केलें? तो जवळ गेला. आमच्या पाखाड्यांनीं तीनशें वर्षें जें केलें तें ह्याहून मोठें नव्हतें आणि लहानही नव्हतें.

क्रूसापुढचा दिवा आज विजेचा आहे. बटण दाबलें कीं लागतो, आणि कोणी आलें नाहीं तरी जळत राहतो. पूर्वीं तेल घालावयास कोणास तरी यावेंच लागे. आमची परमेश्वरापाशीं एवढीच मागणी आहे, कीं ह्या ज्युबिलीच्या वर्षीं त्या दिव्याच्या उजेडांत माणसें पुन्हां जमावींत, एकमेकांचीं तोंडें दिसावींत, आणि न आलेल्या माणसाचें नांव कोणाच्या तरी तोंडीं यावें. धन्य कुमारी मारिया आपल्या सर्व घरांवर, जुन्या आणि नव्या, आपलें मायेचें छत्र धरो.